घरं झाली, गाव राहिलं

फरीदाबादच्या नीलम चौकात रिक्षावाल्याला नुसतं 'एनआयटी' सांगून भागत नाही. तो मान न वळवताच विचारतो, "कौन सा नंबर?" एक नंबर, दो नंबर, तीन नंबर, पाँच नंबर. पोस्टातल्या पत्त्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे हाच हिशेब चालतो. बाहेरून आलेल्याला वाटतं की ही एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजाच्या आसपासची वस्ती असावी. प्रत्यक्षात एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाऊन. फाळणीनंतर दिल्लीच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, अरवलीच्या पायथ्याशी, निर्वासितांसाठी आखलेलं हे गाव आहे.

उल्हासनगरात 'कॅम्प नंबर चार' असा पत्ता सांगणाऱ्या मराठी माणसाला ही बोली ओळखीची वाटेल. दोन्ही गावांच्या जन्माचं सालही एकच आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली आणि त्याच वर्षी फरीदाबादला पायाखोदाई सुरू झाली. फरक एवढाच की कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या, सिंधी कुटुंबं त्यांत शिरली आणि गाव पुढे आपोआप वाढत गेलं. फरीदाबादला मात्र आधी नकाशा काढला गेला. कुठे कोण राहील, शाळा कुठे असेल, कारखाना कुठे असेल आणि त्या कारखान्याचा मालक कोण असेल, इथपर्यंत विचार झाला होता. त्यातला शेवटचा प्रश्न नकाशातच राहिला.

जुनं फरीदाबाद यापेक्षा पुष्कळ जुनं आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये दिल्ली-आग्रा रस्त्याच्या बंदोबस्तासाठी ते वसवलं, असं मानलं जातं. शेजारी बल्लभगडला जाटांचं छोटं संस्थान होतं. तिथल्या राजा नाहरसिंहाला सत्तावनच्या उठावाबद्दल ९ जानेवारी १८५८ रोजी दिल्लीत फासावर चढवलं. आज मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाला त्याचं नाव आहे. पण ती गोष्ट वेगळी. आपल्याला जायचंय ते रेल्वेरुळांच्या पलीकडे, पश्चिमेला.

रुळांपलीकडे वसलेले लोक वायव्य सरहद्द प्रांतातले हिंदू आणि शीख होते. बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर इथले. बहुतेक दुकानदार, सावकार, अडते, कारकून. यांतले कित्येक जण खान अब्दुल गफार खानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत लाल कुडते घालून फिरलेले होते. फाळणीनंतर त्यांची रवानगी कुरुक्षेत्राच्या प्रचंड छावणीत झाली. पुढे सरकार त्यांना ठिकठिकाणी पांगवू लागलं तेव्हा हे लोक अडून बसले. आम्ही एकत्र राहणार, आणि फुकटचं रेशन नको, काम द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी दिल्लीत येऊन सत्याग्रह केला. स्वतंत्र भारताच्या सरकारपुढे बसलेले हे सत्याग्रही काल-परवापर्यंत इंग्रजांपुढे बसत होते, तेव्हा त्यांना बसण्याचा सराव दांडगा होता. सरकारने मान तुकवली. सुमारे चाळीस हजार माणसांसाठी दिल्लीच्या दाराशी एक नवं गाव उभारायचं ठरलं.

ते उभारण्यासाठी फरीदाबाद डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन झालं, आणि त्याच्या कामात सामील झालेली नावं पाहिली तर तेव्हा या गावाला किती वजन होतं ते कळतं. पहिले अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. ते राष्ट्रपती झाल्यावर हृदयनाथ कुंझरू. मुख्य प्रशासक सुधीर घोष, गांधीजींनी १९४६ मध्ये इंग्रज मंत्र्यांशी बोलणी करायला पाठवलेला केंब्रिजचा तरुण. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांची इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन. त्या युनियनतर्फे इथे राबणारे लक्ष्मीचंद जैन, ज्यांना पुढे १९८९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिक्षणाची बाजू पाहायला वर्ध्याच्या सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम. आणि बोर्डाच्या बैठकींना स्वतः पंतप्रधान नेहरू येऊन बसत. एका तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीच्या विटा-चुन्याच्या चर्चेला देशाचा पंतप्रधान हजर राहतो, हे आज सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

नकाशाचं काम होतं ओटो क्योनिग्सबर्गर यांच्याकडे. १९०८ मध्ये बर्लिनला जन्मलेला हा ज्यू वास्तुशिल्पी हिटलर आल्यावर जर्मनीतून बाहेर पडला, इजिप्तमार्गे १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि तिथला मुख्य वास्तुशिल्पी झाला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न त्याचे मामा. १९४८ पासून तो केंद्र सरकारचा गृहनिर्माण संचालक होता. भुवनेश्वर आणि गांधीधाम यांच्या आराखड्यांतही त्याचा हात होता. म्हणजे निर्वासितांची घरं आखणारा माणूस स्वतःच निर्वासित होता. फरीदाबादसाठी त्याने आखल्या पाच वस्त्या. प्रत्येकीत प्राथमिक शाळा, दवाखाना आणि बाजार, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, आणि कारखान्यांसाठी वेगळी जागा. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा अशा वस्त्यांचा बोलबाला होता. इथे त्यांना फक्त एक, दोन, तीन, चार, पाच असे आकडे पडले. नावं नंतर देऊ, असं बहुधा ठरलं असावं. ते नंतर काही उजाडलं नाही.

खरी हकिकत सुरू होते ती बांधकामापासून. सरकारी बांधकामाची रीत ठरलेली होती. खात्याने निविदा काढायची, कंत्राटदाराने मजूर आणायचे, आणि निर्वासितांनी तंबूत बसून आपलं घर होण्याची वाट पाहायची. केंद्रीय बांधकाम खातं तेव्हा काकासाहेब गाडगीळांच्या मंत्रालयात होतं आणि दिल्लीभोवती त्याच्या कामांची गर्दी उडालेली होती. फरीदाबादच्या लोकांनी आणि कमलादेवींच्या मंडळींनी उलटी मागणी केली. घरं आमची आहेत, तर मजुरी आम्हालाच मिळू दे, कंत्राटदाराचा नफाही आमच्याच सोसायटीत राहू दे. हे लोक गवंडी नव्हते, त्यांनी कधी पाटी उचलली नव्हती, असा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. पण नेहरूंनी कौल लोकांच्या बाजूने दिला.

मग बन्नूत कापडाचे ठाण मोजणारी माणसं फरीदाबादला खोदलेल्या मातीचं घनफळ मोजू लागली. मजुरी मोजमापावर मिळायची. पहिले काही आठवडे हातांना फोड आले असतील, टोपलीतली माती डोक्याऐवजी खांद्यावर सांडली असेल. पण काम बंद पडलं नाही. विटांच्या भट्ट्या, बैलगाड्या आणि ट्रक यांच्या सोसायट्या निघाल्या. सरहद्दीवर पडद्यात वाढलेल्या बायका कामावर आल्या. कंत्राटदाराने सांगितलेल्या दरापेक्षा घरं स्वस्तात उभी राहिली, याचा जैन यांना पुढे कायम अभिमान वाटायचा. या सगळ्याची हकिकत त्यांनी १९९८ मध्ये 'द सिटी ऑफ होप' या पुस्तकात लिहून ठेवली. घोष यांनीही आपल्या आठवणींत फरीदाबादवर बरंच लिहिलं आहे. दोघांच्याही लिहिण्यात पुढे काय झालं त्याचा कडवटपणा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं लागतं.

याच काळात दिल्लीच्या जंगपुऱ्यात क्योनिग्सबर्गर दुसरा एक प्रयोग करत होते. निर्वासितांसाठी भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रकवर टाकून न्यायच्या आणि जागेवर जोडून घर उभं करायचं. सरकारी हाउसिंग फॅक्टरीच निघाली. पण तिथल्या हलक्या काँक्रीटच्या पाट्यांना तडे जाऊ लागले, संसदेत बोंब झाली आणि प्रकल्प गुंडाळला गेला. १९५१ मध्ये क्योनिग्सबर्गर लंडनला निघून गेले. इकडे अननुभवी हातांनी, साध्या विटांनी बांधलेल्या फरीदाबादच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या.

घरांपाठोपाठ वीज आली, आणि तीही युद्धाच्या मोडीतून. महायुद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून मिळालेला सहा हजार किलोवॅटचा डिझेल वीजसंच कलकत्त्याच्या गोदीत गंजत पडला होता. घोष यांनी तो मागून घेतला, फरीदाबादला आणवला आणि निर्वासित पोरांना हाताशी धरून जोडून घेतला. स्वस्त वीज दिसली की कारखाने येतील, असा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. १९५१ मध्ये बाटाचा कारखाना इथे आला. दवाखान्याची कथा आणखी न्यारी आहे. १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या इथल्या रुग्णालयाला नाव मिळालं बादशाह खान यांचं. ज्यांच्या नावाने भारत सरकार रुग्णालय उघडत होतं, ते गफार खान त्या वेळी पाकिस्तानच्या तुरुंगात होते.

इथवर गोष्ट सुरेख चालली होती. बिघडली ती काम संपल्यावर.

घरं बांधून होत आली तशी मजुरी आटली. घर बांधण्याच्या कामात सोसायटीला गिऱ्हाईक एकच होतं, सरकार, आणि ते पैसे बुडवणारं नव्हतं. आता साबण, बटणं, कपडे, चपला बनवून बाजारात विकायचं म्हणजे भांडवल हवं, कच्चा माल हवा, दिल्लीच्या पक्क्या व्यापाऱ्याशी टक्कर हवी. बोर्डाचा बेत होता की इथले कारखाने निम्मेशिम्मे तरी कामगारांच्या सहकारी मालकीचे असावेत. पुनर्वसन मंत्रालयाला हे पटलं नाही. सरकारने निर्वासितांना घर द्यावं, कर्ज द्यावं, कर्ज वसूल करावं आणि बाजूला व्हावं, अशी त्यांची समजूत. कारखाने काढणं हे पुनर्वसनाच्या खात्यात बसत नव्हतं. घरांची किंमत हप्त्यांनी भरा, अशा नोटिसा मात्र याच सुमारास सुरू झाल्या. हाताला काम नाही आणि हप्ता दारात, अशी गत झाली. बोर्ड आणि मंत्रालय यांच्यात फाइलींचं युद्ध जुंपलं, घोष यांना फरीदाबाद सोडावं लागलं आणि दोन-तीन वर्षांच्या आत कारभार खात्याच्या हाती गेला. बोर्डाची कामं एकेक करून काढून घेतली गेली.

दोष सरळसरळ बाबूंच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे, आणि जैन यांचा कल तिकडेच आहे. मला ते अर्धंच पटतं. याच सुमारास, १९५० मध्ये, आपल्याकडे प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू होत होता. तिथेही सरकारचा हात पाठीशी होता. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता स्वतःच सहकारातले मुरलेले गृहस्थ. पण लोणीच्या सभासदाकडे जमीन होती, तिच्यावर ऊस होता आणि साखरेला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नव्हतं. फरीदाबादच्या सभासदाकडे होते फक्त दोन हात, तेही नुकतेच कामाला लागलेले. अशा सहकाराला भांडवल पुरवणारं कुणी तरी दहा-पंधरा वर्षं टिकून राहायला हवं होतं. पंतप्रधान बैठकीला येत होते हेच बहुधा त्यातलं दुबळेपण होतं. बोर्डाची ताकद एका माणसाच्या आस्थेवर टेकलेली होती, आणि त्या माणसाकडे काश्मीर होतं, राज्यघटना होती, पहिली निवडणूक होती. मंत्रालयाकडे मात्र वेळच वेळ होता.

बाकीच्या नकाशाचंही असंच झालं. पाच वस्त्यांपैकी चार नंबरचं नाव आज क्वचितच कानावर पडतं. उलट जवाहर कॉलनी, डबुआ कॉलनी, पर्वतिया कॉलनी, संजय कॉलनी अशा न आखलेल्या वस्त्या एनआयटीला चहूबाजूंनी चिकटल्या. थोड्याच काळात चंडीगढचं काम सुरू झालं, ल कॉर्बुझिए आले आणि देशाचं कौतुक, पैसा, छायाचित्रकार सगळं तिकडे वळलं. फरीदाबादच्या मागे उभी राहिली ती कारखानदारी. एस्कॉर्ट्स आली, गुडइयर आली, १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर इथेच बाहेर पडला. हे गाव एका अर्थी खरोखरच 'इंडस्ट्रियल टाऊन' झालं. फक्त कारखाने गावाचे नव्हते. बन्नूवाल्यांची पोरं त्यांत कामगार म्हणून लागली, काहींनी सुट्या भागांची वर्कशॉपं टाकली, बरेच जण पुन्हा दुकानात बसले. चौकांची आणि स्थानकांची नावं त्या काळाची साक्ष देतात: बाटा चौक, हार्डवेअर चौक, मेट्रोचं एस्कॉर्ट्स मुजेसर स्थानक.

१९७१ च्या कायद्याने जुनं फरीदाबाद, एनआयटी, बल्लभगड आणि आसपासची गावं एका 'कॉम्प्लेक्स'मध्ये बांधली गेली. १५ ऑगस्ट १९७९ रोजी गुडगावातून फुटून फरीदाबाद जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चौदा लाखांवर होती. चाळीस हजारांचा नकाशा त्यात कुठे शोधायचा?

त्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत पोहोचलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. एनआयटीच्या पाठीमागे अरवलीच्या दगडखाणी आहेत. तिथे वेठबिगारीत अडकलेल्या मजुरांसाठी स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि न्या. पी. एन. भगवती यांचा गाजलेला निकाल १६ डिसेंबर १९८३ रोजी आला. ज्या गावाची सुरुवात 'मजुरी आमची आणि नफाही आमचा' या हट्टाने झाली, त्याच्या डोंगराआड तीस वर्षांनी मजूर उचल फेडण्यासाठी दगड फोडत होते. पुढे याच डोंगरात खोरी गाव नावाची मोठी वस्ती उभी राहिली. ती वनजमिनीवर म्हणून न्यायालयाच्या आदेशाने २०२१ मध्ये पाडली गेली. सुमारे दहा हजार घरं गेली. या वेळी कुणी बोर्ड नेमलं नाही.

क्योनिग्सबर्गर यांनी आपल्या परीने धडा घेतला. लंडनला गेल्यावर त्यांनी उष्ण देशांतली वास्तुकला शिकवली, संयुक्त राष्ट्रांसाठी देशोदेशी फिरले आणि १९६४ मध्ये मांडलं की वीस वर्षांचा मास्टर प्लॅन काढत बसण्यात अर्थ नाही. तो छापून होईपर्यंत शहर त्याला ओलांडून पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा थोडं आखावं, करून पाहावं, परिणाम बघून पुन्हा आखावं. हे शहाणपण ज्या देशांतल्या अनुभवातून आलं त्यांत भारत पहिला होता. १९९९ मध्ये ते वारले.

आता पाहायला काय आहे? खरं सांगायचं तर पर्यटकासाठी फारसं काही नाही. सूरजकुंडच्या मेळ्याला जाणारी मराठी मंडळी, २०१९ मध्ये तर महाराष्ट्रच त्या मेळ्याचं मानाचं राज्य होतं, एनआयटीकडे फिरकत नाहीत. बडखलचा तलाव अनेक वर्षं कोरडा पडून होता. पण शहर वाचायची सवय असेल तर दिल्ली मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने नीलम चौक अजरौंदाला उतरावं, उड्डाणपुलाने रूळ ओलांडावेत आणि पाच नंबरच्या गल्ल्यांत शिरावं. रस्ते अजून सरळ आहेत, काटकोनात आहेत, आणि मूळ प्लॉटचे आकार शाबूत आहेत. बोर्डाच्या काळची बैठी घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत. खाली गाड्या आणि वर चार मजले, अशा 'बिल्डर फ्लोअर'ने त्यांची जागा घेतली. क्वचित एखाद्या कोपऱ्यात दोन उंच इमारतींच्या मध्ये चेपून बसलेलं ठेंगणं घर दिसतं. विटांची भिंत, पुढे व्हरांडा, आता त्यालाही ग्रिल लावलेली. वाटणीचा दावा चालू असेल किंवा मुलगा परदेशी असेल, एरवी ते टिकलं नसतं. एक नंबरच्या तिकोना पार्कभोवती गाड्यांच्या सीट कव्हरांचा आणि सुट्या सामानाचा बाजार भरतो. बोर्डाला जे सहकारातून हवं होतं, ते हातावरचं हुन्नर इथे दुकानागणिक आहे, आपापल्या मालकीचं.

बादशाह खान रुग्णालयाचं नाव २०२० च्या अखेरीस बदलून अटलबिहारी वाजपेयींचं केलं गेलं. सरहद्दीहून आलेल्या कुटुंबांनी नाराजी व्यक्त केली. रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून 'बीके अस्पताल' आणि 'बीके चौक'च आहे, त्यामुळे पत्ता विचारताना तेच सांगावं. आणि जाणं नवरात्रात जमलं तर संध्याकाळ राखून ठेवावी. बन्नूकडच्या मंडळींनी सोबत आणलेली रामलीला इथे अजून होते. तिचे संवाद उर्दूत आहेत, जुन्या थिएटरच्या थाटाचे, शेरांनी नटलेले. तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या नटांना उर्दू लिपी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या हातात संहिता देवनागरीत लिहिलेली असते. रावण अडखळला तर पुढच्या रांगेतले म्हातारे त्याला शब्द पुरवतात.